घरातील खोल्यांसाठी झुंबराची निवड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

झुंबरांविषयी वाचकांकडून सातत्याने येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. त्यांतील बहुतेक सदनिकांमधून आलेले आहेत. काही बंगल्यांतून, जुन्या वाड्यांतून आणि किनारपट्टीवरच्या घरांतून. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल आणि जेथे दुसऱ्या उत्तराचा आधार लागतो तेथे त्याचा क्रमांक दिला आहे. मोजमापे मुद्दाम फूट व इंचांत ठेवली आहेत, कारण सुतार, इलेक्ट्रिशियन आणि दुकानदार त्याच मापांत बोलतात.

१. आधी शैली पसंत करावी की आधी मोजमापे घ्यावीत?

आधी मोजमापे घ्यावीत. छताची उंची, पंख्याची जागा, छतातील आधार आणि खोलीला लागणारा उजेड या चार गोष्टी कागदावर आल्या की दुकानातील बरीचशी झुंबरे आपोआप बाद होतात आणि उरलेल्यांतून शैली निवडणे सोपे जाते. मुंबईच्या लोहार चाळीत किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत झुंबर पाहताना आजूबाजूला इतर अनेक दिवे लागलेले असतात, आणि त्या सगळ्यांचा उजेड लोलकांत चमकत असतो. घरी तेच झुंबर एकटे लागते तेव्हा ते दुकानात दिसले तसे दिसत नाही. म्हणून पसंत पडलेले झुंबर शेजारचे दिवे बंद करून एकदा दाखवावे, अशी विनंती दुकानदाराला अवश्य करावी.

२. आमच्या छताची उंची नऊ-साडेनऊ फूटच आहे. अशा घरात झुंबर शोभेल का?

शोभेल, परंतु ते उथळ असावे लागेल. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार राहत्या खोलीची उंची किमान २.७५ मीटर, म्हणजे सुमारे नऊ फूट असावी लागते, आणि शहरांतील बहुतेक सदनिका या मर्यादेच्या आसपासच असतात. ज्या जागेतून माणसे ये-जा करतात तेथे झुंबराचे सर्वांत खालचे टोक जमिनीपासून किमान ७ फुटांवर असावे. नऊ फुटांतून सात वजा केले की साखळी, छताला चिकटणारा कप आणि प्रत्यक्ष झुंबर या सर्वांना मिळून २४ इंच उरतात. फॉल्स सीलिंग सहा इंच खाली उतरलेले असल्यास १८ इंचच उरतात.

परदेशी पुस्तकांत आणि संकेतस्थळांवर छताच्या प्रत्येक फुटामागे अडीच ते तीन इंच उंचीचे झुंबर घ्यावे, असा नियम आढळतो. त्या हिशेबाने नऊ फुटांच्या छताला २३ ते २७ इंचांचे झुंबर येते, आणि त्यात साखळी धरली की घरातील उंच माणसाचे डोके आपटलेच. हा नियम उंच छतांच्या घरांसाठी आहे. सदनिकेत छताच्या जवळ बसणारी, रुंद पण कमी खोल झुंबरे निवडावीत: एकेरी रिंग, कापडी किंवा काचेचे ड्रम, आडव्या फांद्यांची मांडणी किंवा छतालगत लोलकांची एकच उथळ ओळ. दोन-तीन मजल्यांची उतरंड असलेले पारंपरिक झुंबर दहा-साडेदहा फुटांच्या वरच खुलते. टेबल, टीपॉय किंवा पलंगाच्या वर ते असेल तर सात फुटांची अट शिथिल होते, कारण त्याखालून कोणी चालत नाही.

३. खोलीच्या मानाने झुंबराचा व्यास किती असावा?

खोलीची लांबी आणि रुंदी फुटांत मोजून त्यांची बेरीज करावी; येईल तो आकडा इंचांत धरला की झुंबराचा साधारण व्यास मिळतो. १० × १६ फुटांच्या हॉलला २६ इंच आणि १० × १२ फुटांच्या खोलीला २२ इंच. हा अंदाज आहे, कायदा नव्हे. सोफा, कपाटे आणि शोकेसने भरलेल्या खोलीत मी दोन ते चार इंच कमीच सुचवतो. एल आकाराच्या हॉलमध्ये संपूर्ण क्षेत्राची बेरीज करू नये. ज्या भागात झुंबर टांगायचे आहे तेवढाच आयत मोजावा. जेवणाच्या टेबलावरील झुंबराचा हिशेब वेगळा असतो (प्रश्न ७ पाहावा).

४. बाजारात दिसणाऱ्या शैलींपैकी कोणती कोणत्या घराला जुळते?

लोलकांचे अनेक फांद्यांचे जे झुंबर आपल्या डोळ्यांसमोर येते, त्याच्या प्रमुख प्रकारांपैकी एक मारिया थेरेसा या नावाने ओळखला जातो. अठराव्या शतकात बोहेमियात रूढ झालेल्या या शैलीत धातूच्या वाकलेल्या फांद्यांवर काचेच्या पट्ट्या चढवतात आणि सांध्यांवर काचेची फुले बसवतात. फांद्या बाहेरच्या दिशेने पसरत असल्यामुळे त्याला चारी बाजूंनी मोकळी जागा लागते. एम्पायर शैलीत वरच्या कड्यापासून खालच्या मोठ्या कड्यापर्यंत लोलकांच्या माळा तंबूसारख्या सोडलेल्या असतात आणि त्याखाली टोपलीसारखा फुगीर भाग असतो. याच घाटाची उथळ आवृत्ती, म्हणजे तंबू काढून केवळ टोपली छताला लावलेली, आपल्या नऊ फुटी छताला चांगली बसते. लोलक हवेतच असतील तर मी बहुतेकांना हाच प्रकार सुचवतो.

सतराव्या शतकातील डच पितळी झुंबरात मध्यभागी मोठा चकचकीत गोळा आणि त्यातून निघालेल्या नागमोडी फांद्या असतात. मेणबत्त्यांचा उजेड त्या गोळ्यावरून परावर्तित व्हावा, अशी त्याची रचना होती. पितळी भांडी, सागवानी कपाट आणि झोपाळा असलेल्या मराठी दिवाणखान्यात हे झुंबर लोलकांच्या झुंबरापेक्षा अधिक घरचे वाटते, आणि त्यावरची धूळ पुसणे तर कितीतरी सोपे असते. वाड्यांतील रंगीत वा पांढऱ्या काचेच्या हंड्यांचे नातेही याच घरांशी आहे: एक मोठी हंडी, किंवा कमी-अधिक उंचीवर टांगलेल्या तीन हंड्या, लहान हॉललाही पुरतात.

आधुनिक प्रकारांपैकी स्पुटनिक हे नाव १९५७ मध्ये सोडलेल्या सोव्हिएत उपग्रहावरून आलेले आहे. मध्यवर्ती गोळ्यातून सर्व दिशांना निघालेल्या दांड्या आणि टोकांना बल्ब, अशी त्याची घडण असते. साध्या भिंती आणि मोजक्या फर्निचरच्या खोलीत ते उठून दिसते. नक्षीदार पीओपीच्या छताखाली मात्र गोंधळ वाटतो. रंगीत काचतुकड्यांचे तुर्की मोझेइक दिवे भिंतींवर ठिपक्यांची नक्षी पाडतात, त्यामुळे ते प्रवेशमार्ग किंवा बसण्याच्या कोपऱ्यासाठी चांगले आणि वाचनासाठी निरुपयोगी. वेत आणि बांबूचे दिवे वजनाने हलके व स्वस्त असतात, परंतु धूळ धरतात. एलईडी रिंगांविषयी प्रश्न १६ पाहावा.

५. हॉलच्या मधोमध पंखा आहे. मग झुंबर कोठे लावायचे?

हा प्रश्न सर्वाधिक वेळा येतो, आणि झुंबरांविषयीच्या बहुतेक परदेशी मार्गदर्शिकांत त्याचे उत्तर नसते, कारण ज्या घरांसाठी त्या लिहिल्या गेल्या तेथे छताच्या मध्यबिंदूवर पंख्याचा हक्क नव्हता. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत हॉलमधला पंखा हलवा, असे सांगणारा सल्लागार कोणालाच नको असतो.

पहिला आणि सर्वांत चांगला उपाय म्हणजे झुंबराला खोलीचा मध्य न देता बसण्याच्या जागेचा मध्य देणे. हॉल लांबट असेल तर सोफ्यासमोरच्या टीपॉयवर झुंबर आणि उरलेल्या भागात पंखा, किंवा झुंबराच्या दोन्ही बाजूंना समान अंतरावर एकेक लहान पंखा, अशी मांडणी करता येते. नेहमीच्या ४८ इंची पंख्याचे पाते मध्यापासून दोन फूट जाते. पात्याच्या टोकापासून झुंबराच्या जवळच्या फांदीपर्यंत निदान अडीच-तीन फूट अंतर ठेवावे, म्हणजे एकूण मध्य ते मध्य अंतर सहा फुटांच्या आसपास येते. हॉलची लांबी चौदा फुटांपेक्षा कमी असेल तर हे गणित जुळवणे कठीण जाते.

दुसरी अडचण सावल्यांची असते. ज्या झुंबराचा उजेड छताकडे जातो त्याच्या शेजारी पंखा फिरू लागला की छतावर पात्यांच्या सावल्या पळू लागतात आणि काही मिनिटांत डोळे त्रासतात. म्हणून पंख्याजवळ वर तोंड केलेल्या वाट्यांचे झुंबर टाळावे आणि खाली किंवा बाजूला उजेड टाकणारे, दुधी काचेचे घ्यावे. तिसरी अडचण वाऱ्याची असते: लांब माळांचे लोलक पंख्याच्या झोतात एकमेकांवर आपटून किणकिणतात. पहिल्या दिवशी तो आवाज गोड वाटतो.

पंखा आणि झुंबर एकत्र असलेली, दिवा लावताना पाती आत घेणारी उपकरणे मिळतात. जेथे छतावर एकच जागा आहे तेथे ती उपयोगी आहेत. मात्र मिटणारी पाती आखूड आणि बारीक असल्यामुळे त्यांचा वारा साध्या पंख्यापेक्षा कमी असतो, हे दुकानात पंखा चालवून पाहूनच ठरवावे.

६. एकटे झुंबर हॉलला पुरेसा उजेड देईल का?

सहसा देत नाही. सहा फांद्यांच्या झुंबरात प्रत्येकी ४ वॉटचे एलईडी बल्ब बसवले तर प्रत्येकाचे सुमारे ४०० याप्रमाणे २,४०० ल्युमेन (उजेड मोजण्याचे एकक) मिळतात, म्हणजे २० वॉटच्या एका एलईडी ट्यूबपेक्षा थोडेच अधिक, आणि त्यातील काही भाग काचेत व छताकडे खर्ची पडतो. १० × १६ फुटांच्या हॉलचे क्षेत्रफळ जवळजवळ १५ चौरस मीटर भरते. तेथे बसून वाचायचे किंवा मुलांचा अभ्यास घ्यायचा असेल तर हा उजेड अपुरा पडेल. म्हणून झुंबराच्या जोडीला छताच्या कडेचा लपवलेला उजेड, भिंतीवरचे दिवे किंवा एक उभा दिवा धरूनच आखणी करावी आणि झुंबराला स्वतंत्र बटण द्यावे.

बल्बचा रंग २,७०० ते ३,००० केल्विन असावा. ६,५०० केल्विनचा निळसर पांढरा उजेड आपल्याकडे ट्यूबमुळे सवयीचा झाला आहे, परंतु पितळ, सागवान आणि लोलक तिन्ही त्यात निस्तेज दिसतात. डिमर, म्हणजे उजेड कमी-जास्त करणारे बटण, लावायचा असल्यास बल्बवर तो डिमरयोग्य असल्याचे लिहिलेले असावे लागते, आणि जुन्या पंख्याचा रेग्युलेटर डिमर म्हणून वापरू नये.

७. जेवणाच्या टेबलावर कोणते झुंबर लावावे आणि किती उंचीवर?

येथे मोजमाप खोलीचे नसून टेबलाचे घ्यावे. झुंबराचा व्यास टेबलाच्या रुंदीच्या निम्म्यापासून दोन तृतीयांशापर्यंत असावा. तीन फूट रुंदीच्या टेबलाला १८ ते २४ इंच. टेबलाच्या पृष्ठभागापासून झुंबराचे खालचे टोक ३० ते ३६ इंचांवर ठेवले म्हणजे समोरच्याचा चेहरा झाकला जात नाही आणि उजेड ताटात पडतो. गोल टेबलाला गोल झुंबर आणि सहा खुर्च्यांच्या लांब टेबलाला आडव्या पट्टीचे किंवा तीन दिव्यांच्या ओळीचे झुंबर शोभते. पट्टीची लांबी टेबलाच्या दोन तृतीयांशापेक्षा अधिक नसावी. उघडे बल्ब बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत जातात, म्हणून छटा किंवा दुधी काच असलेली शैली घ्यावी. बल्बचा सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात याचा शंभरपैकी निर्देशांक, ९० किंवा अधिक असेल तर कोथिंबिरीचा हिरवा आणि रश्श्याच्या तवंगाचा लाल रंग खराखुरा दिसतो.

एक अडचण खास आपल्या घरांची असते. पाहुणे वाढले किंवा पंगत जमिनीवर बसवायची झाली की टेबल भिंतीकडे सरकते आणि मोकळ्या झालेल्या जागेत झुंबर बरोबर कपाळाच्या उंचीवर लटकत राहते. अशा घरांनी वर-खाली होणारी तार असलेले झुंबर घ्यावे, किंवा साखळीची एक जादा कडी वर अडकवता येईल अशी सोय करून घ्यावी.

८. शयनगृहात झुंबर पलंगाच्या वर असावे का?

उशीच्या बरोबर वर नसावे. आडवे पडल्यावर नजर थेट बल्बकडे जाते, आणि डोक्यावर जड वस्तू लटकत असल्याची भावना अनेकांना झोपू देत नाही. शिवाय पलंगावरची जागा पंख्यानेच घेतलेली असते. पायथ्याकडची मोकळी जागा किंवा आरशासमोरचा भाग लहान झुंबरासाठी अधिक योग्य असतो. कापडी ड्रम किंवा दुधी काचेची शैली घ्यावी. चमचमणारे लोलक हॉलसाठी ठेवावेत. खोली लहान असेल तर एका झुंबराऐवजी पलंगाच्या दोन्ही बाजूंना एकेक लटकता दिवा, बाजूच्या टेबलापासून २० ते २४ इंच वर, हा पर्याय मला नेहमीच अधिक पटतो.

९. स्वयंपाकघरात लोलकांचे झुंबर लावले तर चालेल का?

चालणार नाही. फोडणीच्या तेलाची वाफ लोलकांवर बसते, तिच्यावर धूळ चिकटते आणि ते मिश्रण कोरड्या फडक्याने निघत नाही. गुळगुळीत काचेची किंवा धातूची, आतून पुसता येणारी एक-दोन छटांची मांडणी पुरे, आणि तीही गॅसच्या शेगडीच्या थेट वर नको. ओट्यावरील कामाचा उजेड कपाटाखालच्या पट्टीतूनच घ्यावा.

१०. देवघरासाठी कोणती शैली योग्य? लामणदिवा आणि विजेचे झुंबर एकत्र शोभतात का?

देवघर ही स्वतंत्र खोली असो वा भिंतीतला कोनाडा, तेथील मुख्य उजेड निरांजनाचा आणि समईचा असतो, आणि विजेच्या दिव्याने तो झाकोळू नये. त्यामुळे एक लहान पितळी झुंबर किंवा एकच काचेची हंडी, मंद आणि पिवळसर उजेडाची, एवढे पुरेसे असते. लामणदिवा टांगलेला असेल तर त्याच उंचीवर दुसरे झुंबर लावल्यास दोघांचीही शोभा जाते. अशा वेळी विजेचा दिवा छतालगत किंवा कडेला लपवावा. तेलाच्या ज्योतीच्या थेट वर कापड, कागद, वेत वा ॲक्रिलिकची कोणतीही छटा नसावी. उदबत्ती आणि धुपाची काजळी लोलकांवर वर्षभर साचत राहते, म्हणून येथे साधी घडण निवडावी.

११. दुमजली हॉल किंवा जिन्याच्या पोकळीत किती लांब झुंबर सोडावे?

मोठ्या, उतरंडीच्या झुंबराला खरा न्याय याच जागेत मिळतो. जिन्याच्या पोकळीत वेगवेगळ्या लांबीच्या तारांवर सोडलेल्या काचगोळ्यांची गोलाकार धबधब्यासारखी रचना चांगली दिसते, कारण ती पायऱ्या चढताना प्रत्येक उंचीवरून पाहिली जाते. दुमजली हॉलमध्ये झुंबराचे खालचे टोक वरच्या मजल्याच्या जमिनीच्या पातळीखाली फार उतरू देऊ नये. जिन्यात ते सर्वांत जवळच्या पायरीपासून ७ फूट वर राहावे. वरच्या मजल्याच्या सज्जातून दिव्याचा माथाही दिसतो, त्यामुळे वरून उघडे होल्डर आणि वायरी दिसणारी झुंबरे टाळावीत.

स्वच्छतेचा विचार खरेदीआधी करावा. वीस फुटांवरच्या झुंबरापर्यंत पोहोचायला दर वेळी परांची बांधावी लागते. छतात बसवायची, झुंबर खाली उतरवणारी मोटर मिळते. तिची तरतूद स्लॅबचे काम चालू असतानाच केली तर सोपी जाते, नंतर छत फोडावे लागते.

१२. मुलांच्या खोलीत आणि न्हाणीघरात?

मुलांच्या खोलीत काच नको. कापड, कागद किंवा लाकडाची हलकी घडण, आणि ती दुमजली पलंगापासून हात पोहोचणार नाही इतक्या अंतरावर असावी. न्हाणीघराचे छत आपल्याकडे माळ्यामुळे बहुधा खाली आलेले असते आणि सगळीकडे पाणी उडते, म्हणून तेथे झुंबर लावूच नये. अगदीच मोठे, कोरडा भाग वेगळा असलेले न्हाणीघर असेल तर कोरड्या भागात आयपी४४ दर्जाचा, म्हणजे पाण्याचे शिंतोडे सहन करणारा, बंद दिवा लावता येईल.

१३. पंख्याच्या हुकावर झुंबर टांगता येईल का? फॉल्स सीलिंगला लावले तर?

पंख्याचा हुक स्लॅबमधील सळईला बांधून ओतलेला असेल तर साधारण पंख्याइतक्या वजनाचे, म्हणजे चार-पाच किलोंचे झुंबर त्यावर सहज राहते. त्याहून जड झुंबरासाठी हुकाची अवस्था तपासून घ्यावी किंवा स्लॅबमध्ये नवे अँकर फास्टनर बसवावेत. टांगणी झुंबराच्या वजनाच्या किमान चौपट भार सहन करील अशी असावी. दिव्यांच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणकातील चाचणीही याच हिशेबाने होते. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या १८७४ मधील जयविलास राजवाड्यातील दोन झुंबरे प्रत्येकी सुमारे साडेतीन टनांची असून ती टांगण्याआधी छतावर हत्ती चढवून पाहिल्याची कथा सांगितली जाते. कथा खरी असो वा नसो, क्रम योग्य आहे: आधी छत, मग झुंबर.

पीओपी किंवा जिप्समच्या फॉल्स सीलिंगवर कोणतेही वजन टाकू नये. फॉल्स सीलिंगला भोक पाडून, वरच्या मूळ स्लॅबपासून सळई किंवा साखळी खाली आणून तिच्यावर झुंबर टांगावे. खालचा कप केवळ भोक झाकण्यासाठी असतो. धातूच्या झुंबराला अर्थिंगची हिरवी वायर जोडलेली आहे, हे इलेक्ट्रिशियनकडून समोर दाखवून घ्यावे.

१४. जुन्या वाड्यात किंवा कौलारू घरात झोपाळ्याच्या कड्या आहेत. त्यांचा उपयोग होईल का?

उत्तम होईल. झोपाळ्याच्या कड्या तुळईत आरपार बसवलेल्या असतात आणि त्यांनी माणसांचे हलते वजन पेललेले असते. तुळईला वाळवी लागलेली नाही आणि कडीभोवतीचे लाकूड चिरलेले नाही, एवढी खात्री करावी. तक्तपोशीच्या फळ्यांत मात्र स्क्रू मारून झुंबर लटकवू नये. त्या फळ्या भार घेण्यासाठी नसतात. जुन्या वायरिंगमध्ये अर्थिंग नसेल तर आधी ती घ्यावी. शैलीच्या दृष्टीने काळसर लाकडाच्या छताखाली पितळ आणि हंड्या खुलतात, चकचकीत क्रोम उपरे वाटते.

१५. काच, क्रिस्टल आणि ॲक्रिलिक यांत काय निवडावे?

शिसेयुक्त क्रिस्टलमध्ये किमान २४ टक्के लेड ऑक्साइड असते. त्यामुळे ते जड असते आणि उजेडाचे रंग अधिक फाकवते. बाजारात के९ या नावाने विकले जाणारे लोलक शिशाविना केलेल्या स्वच्छ काचेचे असतात, आणि घरासाठी ते पूर्णपणे पुरेसे आहेत. ॲक्रिलिक हलके आणि न फुटणारे असते. छताचा आधार कमकुवत असल्यास किंवा मुलांचा वावर असल्यास ते समजून-उमजून घ्यावे, परंतु ते चरे धरते आणि कालांतराने पिवळे पडू शकते. ओळखायचे असल्यास हातात घेऊन पाहावे: काच थंड आणि वजनदार लागते, ॲक्रिलिक तसे लागत नाही. एक-दोन जादा लोलक खरेदीबरोबरच मागून घ्यावेत.

१६. एलईडी रिंगचे झुंबर घ्यावे की बल्ब बदलता येणारे?

कमी उंचीच्या छताला रिंग शैली फार सोयीची आहे, यात शंका नाही. परंतु तिच्यात बल्ब नसतो; एलईडीची पट्टी आत चिकटवलेली असते आणि ती ड्रायव्हरवर, म्हणजे एलईडीला योग्य वीज पुरवणाऱ्या लहान उपकरणावर, चालते. ड्रायव्हर बिघडला की संपूर्ण रिंग बंद पडते. तो बाहेर काढून बदलता येतो का, त्यावरचे वॉट आणि करंटचे आकडे वाचता येतात का आणि तसाच ड्रायव्हर सुटा मिळतो का, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय रिंग घेऊ नये. बल्बच्या झुंबरात ई१४ (बारीक) किंवा ई२७ (जाड) हे आट्याचे होल्डर असावेत. हे बल्ब तालुक्याच्या ठिकाणीही मिळतात. दहा-पंधरा वर्षे टिकावे अशी अपेक्षा असलेल्या दिवाणखान्यासाठी मी बल्बचेच झुंबर घेईन.

१७. घर कोकणात, समुद्रापासून जवळ आहे. कोणता धातू टिकेल?

खारट दमट हवेत लोखंडावरचा क्रोमचा मुलामा लवकर फुटतो आणि त्याखाली गंज चढतो. लाखेचा पारदर्शक थर दिलेले पितळ, चांगल्या प्रतीचे स्टेनलेस स्टील, ॲल्युमिनियम किंवा लाकूड निवडावे. लोलक ज्या बारीक तारांनी जोडलेले असतात त्या तारा सर्वांत आधी कुजतात, आणि लोलक तुटून पडण्याचे हेच खरे कारण असते. त्यामुळे दर पावसाळ्यानंतर तारा तपासाव्यात. गोव्यातील चांदोरसारख्या गावांतील जुन्या घरांच्या नृत्यदालनांत युरोपीय काचेची झुंबरे आजही टांगलेली आहेत, पण त्यामागे उंच छत आणि नियमित निगा आहे. ओसरीवर किंवा पोर्चमध्ये उघडे झुंबर लावू नये. पाऊस राहिला बाजूला, चिमण्या आणि कबुतरे आधी घरटे करतात. तेथे बंद काचेचा कंदील योग्य ठरतो.

१८. हॉल आणि जेवणाची जागा एकाच खोलीत आहेत. दोन्हीकडे सारखेच झुंबर घ्यावे का?

अगदी सारखे घेऊ नये आणि अगदी वेगळेही नको. एक गोष्ट समान ठेवावी, धातूचा रंग किंवा काचेचा प्रकार, आणि आकार बदलावा: हॉलमध्ये सहा फांद्यांचे पितळी झुंबर असेल तर टेबलावर पितळी दांडीवरच्या तीन हंड्या. दोन्ही भरगच्च लोलकांची असतील तर नजर कोठेच ठरत नाही. दोघांचे बल्ब एकाच रंगाचे असणे मात्र आवश्यक आहे. उंचीचे नियम प्रश्न २ आणि ७ प्रमाणे स्वतंत्रपणे लावावेत.

१९. भाड्याच्या घरात भोके पाडता येत नाहीत. काही मार्ग आहे का?

असलेल्या दिव्याच्या जागेवर वेताची किंवा कागदाची हलकी छटा लावणे हा सर्वांत सोपा मार्ग आहे. लांब वायर व प्लग असलेला लटकता दिवा रिकाम्या हुकावरून सोडून सॉकेटला जोडता येतो. काढलेले मूळ होल्डर आणि कप पिशवीत नावासह जपून ठेवावेत, म्हणजे अनामत रकमेवरून वाद होत नाही.

२०. चोर बाजारातून जुने झुंबर घ्यावे का?

घ्यावे, पण दिव्याच्या भावाने नव्हे तर दुरुस्तीचा खर्च धरून घ्यावे. प्रत्येक काचेची फांदी उजेडात धरून चीर आहे का ते पाहावे. काही लोलक नंतर बसवलेले असतील तर त्यांची छटा आणि पैलू वेगळे दिसतात. मूळ मेणबत्त्यांच्या असलेल्या आणि नंतर विजेवर आणलेल्या झुंबरांत वायरिंग जुने व ठिसूळ असते, म्हणून सर्व वायरी आणि होल्डर नवे घालावेत. तुटलेले काचभाग जुळवून हवे असल्यास उत्तर प्रदेशातील फिरोजाबाद हे काचकामाचे मोठे केंद्र आहे. नमुना पाठवून तसे भाग करून घेता येतात.

२१. झुंबर कसे स्वच्छ करावे?

मुख्य पुरवठा बंद करून आणि बल्ब निवल्यावर सुरुवात करावी. एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तीन भाग शुद्ध पाणी यांच्या मिश्रणाने सुती फडके किंचित ओले करून एकेक लोलक पुसावा. फवारा थेट झुंबरावर मारू नये, पाणी होल्डरमध्ये शिरते. झुंबर हाताने गोल फिरवून पुसण्याची सवय धोक्याची आहे, कारण त्याने वरचा आटा सैल होतो. लोलक काढायचे असल्यास आधी सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. लाखेचा थर असलेल्या पितळाला चिंच किंवा पितळ पॉलिश लावू नये, थर निघून जातो.

२२. गणपतीत झुंबराला माळा आणि तोरणे बांधली तर चालतील का?

फुलांच्या ओल्या माळा आणि जरीची वा धातूच्या चमकीची तोरणे बांधू नयेत. पाणी आणि धातू दोन्ही होल्डरपर्यंत पोहोचू शकतात. कागदी सजावट बल्बपासून दूर असावी, आणि मखराचा कोणताही भाग झुंबराला ताणून बांधू नये. मखरातील दिव्यांसाठी झुंबराच्या होल्डरमधून जोडणी न काढता भिंतीवरचा सॉकेट वापरावा.

२३. अमेरिकेहून परतताना तेथील झुंबर बरोबर आणत आहोत. ते येथे चालेल का?

सरळ जोडून चालणार नाही. तेथील पुरवठा १२० व्होल्टचा आहे आणि आपला २३० व्होल्टचा. अमेरिकी झुंबरांत बहुधा ई१२ हा बारीक होल्डर असतो, ज्याचे २३० व्होल्टचे बल्ब आपल्याकडे सहज मिळत नाहीत. बल्बचे झुंबर असेल तर सर्व होल्डर ई१४ करून आणि वायरिंग नवे घालून ते वापरता येते. सांगाडा आणि काच तशीच राहते. अंगभूत एलईडीचे असेल तर ड्रायव्हरवरचा छापील आकडा पाहावा: १०० ते २४० व्होल्ट लिहिले असल्यास अडचण नाही, केवळ १२० लिहिले असल्यास ड्रायव्हर बदलावा लागेल. ब्रिटन किंवा ऑस्ट्रेलियातून आणलेल्या झुंबराला व्होल्टचा प्रश्न येत नाही. तेथील घरांच्या छताची उंची मात्र मोजून ठेवावी, कारण चौदा फुटांच्या प्रवेशदालनातून उतरवलेले झुंबर पुण्यातील नऊ फुटी हॉलमध्ये कितीही साखळी कापली तरी बसत नाही. तसे असल्यास त्याचा खालचा एक मजला सुटा करता येतो का, हे खोक्यात बांधण्यापूर्वीच पाहावे.